ठाणे खाडीत गटाने रोहित (फ्लेमिंगो) बघायला जाताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे, कळवा, ऐरोली, नेरूळ भागातून पंधरा-वीस जणांचा गट घेऊन ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्यात एक सकाळ घालवायची असेल, तर लागणारी माहिती इथे आहे. ऐरोलीच्या बोटफेरीचा विचार मुख्य आहे. बोट न मिळाल्यास काय करायचं, तेही पुढे येईल.

तारीख ठरवताना सगळ्यात आधी काय बघायचं?

भरती-ओहोटीचं वेळापत्रक. रविवार, सुट्टी, कोण कोण मोकळं आहे, हे सगळं त्यानंतर. बहुतेक सहली फसतात त्या इथेच. गट ठरतो, गाड्या ठरतात, नाश्ता ठरतो आणि खाडीत पाणी किती असेल हे कोणी बघतच नाही.

कारण साधं आहे. रोहित पक्षी उघड्या चिखलावर आणि त्यावरच्या वीतभर पाण्यात चरतात. पूर्ण भरतीला चिखल बुडतो आणि पक्षी विसाव्याच्या जागी निघून जातात. पूर्ण ओहोटीला चिखल मैलभर उघडा पडतो, पक्षी त्यावर दूरवर पांगतात आणि बोटीला जवळ जाण्याइतकं पाणी उरत नाही. म्हणजे हवी ती वेळ या दोन्हींच्या मधली, भरतीच्या साधारण अडीच-तीन तास आधीची किंवा नंतरची.

ही मधली वेळ पटकन निसटते. ओहोटीपासून भरतीपर्यंतच्या साधारण सहा तासांत पाणी सारख्या वेगाने चढत नाही. पहिल्या आणि शेवटच्या तासात ते जेमतेम हलतं, मधल्या दोन तासांत मात्र एकूण चढाच्या निम्मं पाणी येतं. उधाणाच्या, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या मोठ्या भरतीच्या, दिवशी तासाला जवळजवळ मीटरभर. 'अर्धा तास उशीर झाला तर काय बिघडतं' याचं उत्तर यात आहे.

चढतं पाणी की उतरतं? दोन्ही चालतात, पण आमचा कल चढत्या पाण्याकडे. चिखल आक्रसत जातो तसे पक्षी उरलेल्या पट्ट्यावर एकत्र येतात, बोटीला दर मिनिटाला थोडं जास्त पाणी मिळतं आणि ती रुतण्याची भीती नसते. उतरत्या पाण्यात नवा उघडा पडलेला चिखल धरायला पक्षी उतरतात, तेही दृश्य सुरेख असतं, पण परतायला उशीर करून चालत नाही.

मोबाईलवर वेळापत्रक नसेल तर भरतीची वेळ कशी काढायची?

किनाऱ्यावर चालत आलेला हिशोब आहे : तिथीची पाऊणपट. पंचांगातली तिथी घ्या, पाऊणने गुणा, येईल ती भरतीची वेळ. अष्टमीला आठ गुणिले पाऊण म्हणजे सहा, तेव्हा सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या आसपास भरती. पौर्णिमा आणि अमावास्या दोन्हीला पंधरा धरायचे, म्हणजे सव्वाअकरा. शुद्ध आणि वद्य दोन्ही पक्षांना हिशोब तोच. भरतीनंतर सव्वासहा तासांच्या आसपास ओहोटी, आणि रोज वेळ साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते.

याने अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं, तेव्हा तारीख निवडायला हा हिशोब वापरा आणि बोटीची वेळ छापील तक्त्यावरून पक्की करा. छापील तक्ते बहुधा मुंबईच्या अपोलो बंदराचे असतात. खाडी आत निमुळती आणि उथळ होत जाते, म्हणून ऐरोलीला पाणी त्यानंतर थोडं उशिरा पोहोचतं.

सकाळी साडेआठची फेरी धरली तर पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास पाणी चढत असतं आणि अष्टमी-नवमीला उतरत असतं. दोन्ही चांगले. चतुर्थी-पंचमीला मात्र नऊ-दहाच्या सुमारास पूर्ण ओहोटी. संकष्टीच्या सकाळी गट नेऊ नका, एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, पाण्याचा चढउतार उधाणाच्या निम्म्याहूनही कमी. त्या दिवशी चिखल कमी उघडतो, पण सोयीची वेळ जास्त टिकते. नवख्यांचा मोठा गट असेल तर ते बरं पडतं.

कोणत्या महिन्यात जावं?

रोहित साधारण नोव्हेंबरपासून येऊ लागतात आणि पाऊस सुरू होईपर्यंत, म्हणजे मेअखेर किंवा जूनच्या सुरुवातीपर्यंत असतात. मोठे थवे जानेवारी ते एप्रिल. हवा आणि संख्या दोन्ही जमतात ते फेब्रुवारीत. डिसेंबरमध्ये आल्हाददायक वाटतं, पण सकाळचं धुकं-धुरकं नऊपर्यंत हटत नाही आणि समोरचा किनाराही दिसत नाही. एप्रिलमध्ये ऊन भाजतं. तरी किनाऱ्यावरच्या स्थलांतरित पक्ष्यांना त्या वेळी विणीच्या हंगामाचे रंग चढलेले असतात, त्यामुळे जाणते लोक मुद्दाम एप्रिल निवडतात. पावसाळ्यात बोटफेरी नसते.

ही नदी आहे की खाडी? अभयारण्य नेमकं कुठून कुठपर्यंत?

खाडी. लांबी सुमारे २६ किलोमीटर. उत्तरेला ठाण्याजवळ एका अरुंद फाट्याने ती उल्हास नदीला जोडलेली आहे, दक्षिणेला समुद्राला मिळते. नदीचं गोडं पाणी वरून, समुद्राचं खारं पाणी खालून, शिवाय दोन्ही काठांवरच्या शहरांचं सांडपाणी. या सांडपाण्यातल्या पोषकद्रव्यांवर शेवाळ माजतं आणि त्यावर छोटा रोहित पोट भरतो. म्हणून 'एवढ्या घाणीत एवढे सुंदर पक्षी कसे' या प्रश्नाचं उत्तर थोडं अडचणीचं आहे : काही अंशी त्या घाणीमुळेच. याचा अर्थ प्रदूषण चांगलं असा नव्हे. त्याच पाण्यातून मासळी कमी होत गेली, हे कोळीवाड्यात कोणीही सांगेल.

ऐरोली-मुलुंड पूल आणि वाशीचा पूल यांच्यामधला सुमारे १,६९० हेक्टरचा पट्टा २०१५ साली अभयारण्य म्हणून जाहीर झाला. त्यात निम्म्याहून थोडी जास्त खारफुटी आणि बाकी पाणी व चिखल. २०२२ साली ठाणे खाडी रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत गेली. ते क्षेत्र आणखी मोठं, सुमारे ६,५२१ हेक्टर.

गट किती मोठा असावा आणि बुकिंग कसं करायचं?

ऐरोलीचं किनारी व सागरी जैवविविधता केंद्र वन विभागाच्या कांदळवन कक्षाशी जोडलेल्या मॅन्ग्रोव्ह फाउंडेशनकडून चालतं. फेऱ्यांच्या वेळा रोजच्या भरतीप्रमाणे बदलतात, तेव्हा आधी तारीख-वेळ बघून आरक्षण करायचं, मग गटाला कळवायचं. उलट क्रमाने गेलात तर पंचवीस जणांनी होकार दिलेला असतो आणि जागा उरलेल्या असतात सहा. हंगामातले शनिवार-रविवार लवकर भरतात. सोमवारी केंद्र बंद असतं. दर बदलतात, ते आरक्षणाच्या वेळीच बघा.

एका जाणकारामागे आठ-दहा जण ठीक. वीस जण असतील तर दोन जाणकार हवेत, एक बोटीच्या पुढे आणि एक मागे. पुढच्याने दाखवलेला पक्षी मागच्यांना कधीच ऐकू येत नाही, इंजिनाचा आवाज असतो. दिशा सांगायला घड्याळाची पद्धत ठरवून घ्या : बोटीचं नाक म्हणजे बारा, उजवा हात तीन, डावा नऊ. 'तो बघा, तिकडे' याने कोणालाच काही दिसत नाही. 'दहा वाजता, काठीवर, काळ्या टोपीचा खंड्या' याने सगळ्यांना दिसतो.

पैसे आधी गोळा करा. ऐनवेळी गळणारे दोन-तीन जण प्रत्येक गटात असतात आणि त्यांचा भुर्दंड आयोजकाच्या खिशाला बसतो.

पोहोचायचं कसं?

ठाण्याहून ट्रान्स-हार्बरची वाशी, नेरूळ किंवा पनवेल यांपैकी कोणतीही लोकल, नऊ-दहा नंबरच्या प्लॅटफॉर्मवरून. दिघा गाव झालं की ऐरोली. स्टेशनावरून रिक्षा, 'फ्लेमिंगो सेंटर' म्हटलं की पुरतं. रविवारी मेगाब्लॉक आहे का ते आदल्या रात्री बघा, ट्रान्स-हार्बर अनेकदा त्यात असते. जमायची वेळ फेरीच्या पाऊण तास आधीची द्या. नावनोंदणी, लाइफ जॅकेट आणि स्वच्छतागृह यांतच अर्धा तास जातो. बोट पाण्यासाठी सुटते, मागे राहिलेल्यांसाठी थांबत नाही.

दुर्बीण कोणती आणावी?

८×४२. पहिला आकडा किती पट मोठं दिसेल तो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दहा किंवा बारा पटीची दुर्बीण कागदावर भारी वाटते, पण हलत्या बोटीत हाताचा कंपही तितकाच पट वाढतो आणि पक्षी नाचत राहतो. स्पॉटिंग स्कोप (एका डोळ्याने बघायची मोठी दुर्बीण) बोटीवर निरुपयोगी, काठावरून मात्र तिवईवर लावला तर त्याला तोड नाही. गटात प्रत्येकाकडे दुर्बीण नसली तरी चालेल, दोघांत एक पुरते. चार जणांत एक असेल तर नुसती ओढाताण होते.

नवी दुर्बीण 'नीट दिसत नाही' म्हणून परत पिशवीत जाते, कारण ती आपल्या डोळ्यांना जुळवलेली नसते. बोटीत बसण्याआधी, स्थिर जमिनीवर हे करून घ्या. दोन्ही नळ्या आत-बाहेर करून दोन गोलांचं एकच वर्तुळ दिसेपर्यंत आणा. मग उजवं भिंग हाताने झाकून, डाव्या डोळ्याने दूरची पाटी मधल्या चाकाने स्पष्ट करा. आता डावं भिंग झाका आणि तीच पाटी उजव्या डोळ्याने बघत, मधल्या चाकाला हात न लावता, उजव्या नळीवरची कडी फिरवून स्पष्ट करा. ही कडी पुढे हलवायची नाही, दिवसभर फक्त मधलं चाक. चष्मा असेल तर डोळ्याकडचे रबरी कप आत ढकलून ठेवा, नसेल तर बाहेर.

पक्षी शोधताना डोळे पक्ष्यावरून न हलवता दुर्बीण डोळ्यांसमोर आणायची. आधी दुर्बीण लावून मग पक्षी शोधणारा शोधतच राहतो.

कॅमेऱ्याचं काय?

३०० ते ४०० मिलिमीटरची लेन्स, शटर १/१६०० किंवा त्याहून जलद. तिवई बोटीत आणू नका, इंजिनाचा थरथराट थेट कॅमेऱ्यात जातो. सकाळी पूर्वेचं ऊन पाठीशी घेऊन भांडुप-मुलुंडकडचा काठ टिपता येतो, संध्याकाळी त्याच काठाकडे बघताना सूर्य तोंडावर. दहानंतर तापलेल्या चिखलावरून हवा लहरत वर जाते आणि लांबचे फोटो विरघळल्यासारखे येतात. तो लेन्सचा दोष नव्हे, महागडी लेन्सही तेच करते. मोबाईलने काढायचा असेल तर एकट्या पक्ष्याचा नाद सोडा, थव्याचा आणि मागच्या इमारतींचा काढा. तो खरंच चांगला येतो.

कपडे, चपला, खाणं-पिणं?

मातकट, खाकी, हिरवट रंग. पांढरा शुभ्र सदरा आणि भडक केशरी टोपी घरी ठेवा. पायात पकड असलेले बूट, कारण जेट्टीवर भरतीचं पाणी येऊन गेलेलं असतं आणि शेवाळ निसरडं असतं. काहीही पडलं तरी चिखलात पाय टाकायचा नाही. वरून घट्ट दिसणाऱ्या त्या चिखलात माणूस मांडीपर्यंत रुततो आणि एकट्याने बाहेर येणं अवघड जातं. माणशी एक लिटर पाणी आणि लांब बाह्या. खारफुटीतले डास, चिलटं सकाळीही सोडत नाहीत.

बोटीत खायचं नाही. वाऱ्याने पिशवी उडाली की ती थेट तिवरांच्या श्वसनमुळांत अडकते. नाश्ता नंतर. ठाणेकर मंडळी परतताना मामलेदारच्या मिसळीचा विषय काढतातच, तो उतरल्यावर काढावा.

बोटीत काय पाळायचं?

लाइफ जॅकेट शेवटच्या पट्ट्यापर्यंत बांधलेलं. उभं राहायचं नाही. एका बाजूला थवा दिसला की सगळे तिकडे झुकतात आणि बोट कलते, हे प्रत्येक फेरीत होतं. आयोजकाने निघतानाच सांगावं की बोट वळेल, दोन्ही बाजूंना दिसेल.

थव्याकडे लक्ष ठेवा. निवांत चरणाऱ्या रोहितांची डोकी खाली असतात. डोकी वर झाली म्हणजे त्यांनी आपल्याला पाहिलं. सगळे एकाच दिशेने भरभर चालू लागले तर आपण फार जवळ आलो आहोत, इंजिन मंद करायला सांगायची हीच वेळ. यानंतरची पायरी म्हणजे थवा उडतो. गुलाबी पंखांचा फोटो मिळतो खरा, पण त्यांचं चरणं तुटतं, आणि मागून येणाऱ्या बोटीला रिकामा चिखल बघावा लागतो. थवा उडवून दाखवा म्हणून बोटचालक दादांना कोणी आग्रह करू लागलं तर आयोजकाने स्पष्ट नाही म्हणावं.

मोठा रोहित आणि छोटा रोहित कसे ओळखायचे?

चोच बघा. मोठ्या रोहितची चोच फिकट गुलाबी आणि टोकाला काळी. छोट्याची गडद किरमिजी, लांबून काळीच वाटते. रंगावर जाऊ नका, पण सरासरीने छोटा जास्त गुलाबी आणि मोठा पांढुरका. शेजारी उभे असतील तर उंचीचा फरक ढळढळीत दिसतो. चरण्याची ढबही वेगळी : छोटा पृष्ठभागावर चोच डावी-उजवी फिरवत पुढे जातो, मोठा डोकं खोल बुडवून पायांनी चिखल ढवळतो. ठाणे खाडीत छोट्यांची संख्या बरीच जास्त असते.

करडे-मळकट पक्षी दिसतील, ती पिल्लं नव्हेत तर वाढीला लागलेले तरुण पक्षी. गुलाबी रंग अन्नातल्या कॅरोटिनॉइड द्रव्यांतून येतो आणि चढायला दोन-तीन वर्षं लागतात. घरटी मात्र इथे शोधू नका, त्यांची वीण गुजरातेत कच्छच्या रणात होते.

रोहित सोडून आणखी काय?

पुष्कळ, आणि जाणत्याला त्यातच गोडी. चिखलाच्या कडेला शेकाट्या, लाल काटक्यांसारख्या पायांवर. वर वळलेल्या चोचीचा उचाट. चित्रबलाक, काळ्या डोक्याचा शराटी, राखी बगळा, समुद्री बगळा. खांबांवर पाणकावळे पंख वाळवत बसतात. हवेत कुरव (सीगल), सुरय, ब्राह्मणी घार आणि खारफुटीवरून कमी उंचीवर उडत जाणारा भोवत्या. बदकांत थापट्या आणि तलवार बदक. हळदीकुंकू बदक दिसलं तर मुलांना नाव सांगा, एकदा ऐकलं की विसरत नाहीत.

काळ्या टोपीचा खंड्या खारफुटीचा खास रहिवासी. चिखलावर उड्या मारणाऱ्या निवट्या आणि एकच मोठी नांगी हलवणारे खेकडे बोटीतून सहज दिसतात. नशीब असेल तर काठावर सोनेरी कोल्हा.

हजारो पक्षी मोजायचे कसे?

एकेक करून नाही. आधी दहा पक्षी मोजा आणि तेवढ्याने किती जागा व्यापली ते नजरेत बसवा. तसे दहा तुकडे म्हणजे शंभर. मग शंभराचा तुकडा थव्यावर पुढे सरकवत न्या. गर्दीच्या ठिकाणी तुकडा लहान धरायचा, विरळ ठिकाणी मोठा. दोघांनी एकमेकांना न सांगता मोजावं आणि आकडे फार वेगळे आले तर पुन्हा मोजावं. नवखे लोक मोठा थवा हमखास कमी मोजतात. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर यादी टाकणार असाल तर सुरुवातीची वेळ, कालावधी, अंतर आणि अंदाजे आकडा द्या. नुसती 'दिसले' अशी खूण पुढे कोणाच्या उपयोगी पडत नाही.

बोटीचं आरक्षण मिळालं नाही तर?

नेरूळ. तिथल्या डीपीएस तळ्यावर आणि टी. एस. चाणक्य या नौकानयन प्रशिक्षण संस्थेजवळच्या पाणथळीत खाडी भरली की पक्षी विसावायला येतात, म्हणून इथे हिशोब उलटा : पूर्ण भरतीच्या तासभर आधी पोहोचा. काठावरून बघायचं, पाण्याकडे उतरायचं नाही. सीवूड्स-दारावे किंवा नेरूळ स्टेशनावरून रिक्षा.

पौर्णिमा-अमावास्येला तर दोन्ही जमतं. सकाळी ऐरोलीची फेरी चढत्या पाण्यात, मग लोकलने नेरूळ गाठून भरतीला तळ्यावर. फक्त डीपीएस तळ्यात पाणी आहे ना, याची आधी चौकशी करा. २०२४ साली खाडीचं पाणी आत येण्याचे मार्ग बंद झाल्याने ते आटलं होतं आणि त्याचा फटका पक्ष्यांना बसला.

लहान मुलं आणि ज्येष्ठ येऊ शकतात का?

ज्येष्ठांना अडचण चढ-उताराची. ओहोटीला बोट जेट्टीपासून बरीच खाली जाते, म्हणून त्यांच्यासाठीही चढतं पाणी सोयीचं. मुलांच्या वयाची अट केंद्राला विचारा. आमच्या मते सात-आठ वर्षांखालचं मूल तासभर गप्प बसत नाही, त्याला नेरूळच्या तळ्यावर न्या.

कुरवांना शेव-गाठी टाकल्या तर जवळ येतात. टाकायच्या का?

नाही. तळलेलं, खारट बेसन हे त्यांचं अन्न नाही, आणि माणसामागे लागलेला कुरव मासे पकडणं कमी करतो.

ड्रोन? पक्ष्यांचे आवाज मोबाईलवर वाजवणं?

दोन्ही नको. अभयारण्यात वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ लागू आहे आणि परवानगीशिवाय ड्रोन उडवलात तर जप्त होईल. डोक्यावर ड्रोन म्हणजे पक्ष्यांच्या लेखी शिकारी पक्षीच, अख्खा थवा उडतो.

जखमी पक्षी दिसला तर?

वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा आणि जागेची नेमकी खूण सांगा. तळ्याच्या काठावर हाताशी असेल तर मागून हलका सुती कपडा टाकून झाका. डोळे झाकले की पक्षी शांत होतो. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, सावलीत ठेवा. चोचीत पाणी ओतू नका, ते फुफ्फुसात जाऊन पक्षी मरतो. खायलाही काही देऊ नका. रोहितचे पाय लांब आणि ठिसूळ असतात, ते जबरदस्तीने दुमडायचे नाहीत. बगळा असेल तर आधी त्याची मान कपड्यावरून सैल धरा, तो थेट डोळ्यांवर चोच मारतो. पक्षी चिखलात लांब असेल तर आत जाऊ नका, माणसं येईपर्यंत काठावरून नजर ठेवा आणि कुत्र्यांना दूर ठेवा.